रुमालातली बांगडी

माझ्या आईला तिच्याच गाण्यात एकसष्ट मार्क पडले, तिथून हे सगळं सुरू झालं.

इचलकरंजीच्या आमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ दिवाळी फराळाला गाण्यांची स्पर्धा ठेवतो. पूर्वी शाळेतले एखादे संगीत शिक्षक परीक्षक असायचे आणि मग वर्षभर रुसवेफुगवे चालायचे. संघाने त्यावर उपाय म्हणून ‘हुबेहूब’ आणलं. तुम्ही एखादं जुनं गाणं म्हणायचं, ‘हुबेहूब’ ते मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघणार आणि पडद्यावर मार्क देणार. कुठला सूर किती उतरला, कुठला शब्द किती लांबला, श्वास कुठे घेतला, सगळं लाल-हिरव्या रेघांत. यंत्रावर कोण रुसणार? दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत शाळेची स्नेहसंमेलनं, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, ऑर्केस्ट्रातल्या निवडी, सगळीकडे हेच परीक्षक झालं होतं.

आईने ‘उगवतीला निघाली गाडी’ म्हटलं. तिचं वय त्र्याहत्तर, आवाज जरा जाड झालेला, पण गाणं असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. पडदा मात्र लालभडक. ‘एकसष्ट. मूळ गाण्यापासून बरंच दूर. पुन्हा प्रयत्न करा!’ आणि शेजारी एक हसरा चेहरा. बँकेतून निवृत्त झालेल्या परांजपेबाईंना त्याच गाण्यात ब्याण्णव पडले. बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून त्या आईजवळ आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “मालनताई, दुसऱ्या कडव्याआधी तुम्ही उगीच थांबता बघा. मूळ गाणं एकदा नीट ऐका.”

आता हसावं की रडावं! कारण मूळ गाणं आईनेच म्हटलेलं आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, लग्नाला महिना व्हायच्या आत, कोल्हापुरात पिठाच्या गिरणीच्या माडीवरच्या एका चिमुकल्या स्टुडिओत तिने हे एकच गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही, तीही गेली नाही. पण ती कॅसेट अशी चालली की विचारू नका. मुलीची पाठवणी करताना हे गाणं लागल्याशिवाय कोल्हापूर-सांगलीकडे गाडी हलत नाही. ‘मागं राहिली माझी वाडी’ ही ओळ आली की मांडवातल्या सगळ्या बायका हात वर करून बांगड्या वाजवतात आणि मग डोळ्यांना पदर लावतात. ही रीत कुठून आली ते कुणालाच सांगता येत नाही. आई तेवढी त्या ओळीला हात पदराखाली घेते. लहानपणी मी कारण विचारलं तर म्हणाली, “मला न्हाई आवडत.” विषय संपला.

घरी आल्यावर मी ‘हुबेहूब’ उघडून ते मूळ गाणं ऐकलं. गोड होतं, गुळगुळीत होतं, पण आई नव्हती. खाली गायिकेच्या नावाच्या जागी लिहिलं होतं : ‘अनिश्चित’.

मी कंपनीला जाब विचारला. गाण्याचे हक्क आता ज्या कंपनीकडे होते तिचा कोल्हापूरचा प्रतिनिधी अद्वैत रेगे म्हणून एक तरुण होता. बोलायला मृदू. चिडायला गेलेल्या माणसाची पंचाईत करणारा. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं.

जुन्या फिती खरखरीत होत्या म्हणून कंपनीने संगणकाकडून त्यांचं ‘शुद्धीकरण’ करून घेतलं. संगणकाने हजारो गाणी ऐकलेली. एखादी जागा अस्पष्ट वाटली की तिथे गायिकेने काय म्हटलं ‘असायला हवं’ ते तो ठरवायचा आणि भरून टाकायचा. थरथरलेला सूर सरळ करायचा, जास्तीचा थांबा काढून टाकायचा. दोन वर्षांनी अधिक हुशार संगणक आला, त्याने त्या शुद्ध गाण्याचंच पुन्हा शुद्धीकरण केलं. असं चार-पाच वेळा. मूळ फिती होत्या ते गोदाम दरम्यानच्या काळात पुरात गेलं होतं. शेवटी कंपनीने गायकांकडून फोनवर आवाजाचे नमुने घेऊन तपासले तर या गाण्याचा आवाज माझ्या आईच्या आवाजाशी जुळेना. यंत्राने नाव आपोआप काढून टाकलं.

“अहो, तुम्हीच आवाज बदललात आणि आता म्हणता जुळत नाही!”

“मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही,” रेगे म्हणाला. “पण या गाण्यावर हक्क सांगणाऱ्या तुम्ही तिसऱ्या आहात. एखादी मूळ कॅसेट असेल तर आणा ना.”

आमची स्वतःची कॅसेट कुणीतरी लग्नाला म्हणून नेली होती, ती परत आलीच नाही. मी पाहुण्यारावळ्यांचे माळे धुंडाळून चार कॅसेटी मिळवल्या. एकीला बुरशी आलेली. उरलेल्या तिघींवर वेष्टन तेच आणि आवाज मात्र तीन वेगळ्या बायकांचे, त्यांत आई नाहीच! त्या काळात एखादं गाणं चाललं की दुसऱ्याच कुणाकडून ते हुबेहूब गाऊन घ्यायचं आणि स्वस्तात विकायचं असा धंदाच होता. व्हर्जन कॅसेट म्हणायचे तिला. म्हणजे नकला ढिगाने आणि मूळ कुठेच नाही. अप्पांची, माझ्या वडिलांची साक्ष तर कुणी धरणारच नव्हतं. नवराच तो, आणि त्यात कानाने अधू.

मला खरा राग आला तो नंतर. एका दुपारी घरी आले तर आई फोन समोर ठेवून ‘हुबेहूब’बरोबर गात होती. रेघ लाल झाली की थांबायची, ऐकायची, पुन्हा म्हणायची. मला बघून तिचा चेहरा उजळला.

“वैजू, ऐंशी पडलं बघ आज!”

“आई, अगं काय करतेयस हे? तू गायलेलं आहेस ते गाणं!”

“व्हय, पर किती वरसं झाली. मीच इसरली आसंन. यंत्र कशापायी खोटं बोलंल?”

माझी आई कधी कुणाला हार जाणारी नव्हे. भाजीवाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना तिने ऐकवलेलं आहे. आणि ती बाई स्वतःच्याच गाण्याला चुकलेलं समजून दुरुस्त करत बसली होती. मला पैसे नको होते, मानपत्र नको होतं. तिचं नाव त्या गाण्याखाली परत यायला हवं होतं, आणि ते ती बघत असताना यायला हवं होतं.

गाण्यातलं मला काही कळत नाही. मी ज्वारीवाली. आमच्या कृषी प्रयोगशाळेत आम्ही ज्वारीच्या जातींची वंशावळ काढतो. हजार वर्षांपूर्वीचं कणीस कुणी जपून ठेवलेलं नसतं. पण आजच्या शेकडो जाती समोर ठेवल्या की त्यांची आजी कशी होती ते सांगता येतं. एखादा गुण एकाच फांदीत दिसला तर तो नंतर आलेला. पण लांबलांबच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या फांद्यांत तोच गुण दिसला, तर तो आजीकडून आलेला. चुलतभावंडांची नाकं बघून आजोबांचं नाक ओळखावं तसंच हे.

मग गाण्याचं का होऊ नये? नकला म्हणजे वारसच की. मिरजेचा बँड, निपाणीची शाळा आणि सोलापूरचा ऑर्केस्ट्रा यांनी एकमेकांना कधी ऐकलेलं नाही. पण तिघेही एकाच शब्दापाशी सारखेच थांबत असतील तर तो थांबा त्या सगळ्यांच्या मुळाशी असला पाहिजे. आणि लोकांनी नकला जपल्या होत्या. कशात? लग्नाच्या चित्रफितींत!

इथे मला दस्तगीर मास्तर भेटले. त्यांचा ब्रास बँड तीन पिढ्यांचा, आईला ते आक्का म्हणतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही गाणं बसवताना त्यात आपलं काही घालता का?

मास्तरांनी कानाला हात लावला. “तोबा! आमच्या अब्बांचा नेम हुता, कॅसेटीत जे हाय ते वाजवायचं. गाणारा खोकला तर क्लॅरनेटनं खोकायचं. मग ते चुकून आलंय का मुद्दाम, ह्यो इचार आपला न्हाई.”

मी त्यांच्या पायाच पडायची बाकी होते. शास्त्रज्ञाला याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार? मास्तरांनी शब्द टाकला आणि दोन राज्यांतून चित्रफिती यायला लागल्या. बँडच्या, ऑर्केस्ट्राच्या, शाळांच्या, हळदीला गाणाऱ्या बायकांच्या. काहींत तर कर्ण्यावर कॅसेटच लावलेली, तिच्यावरून भटजींचा आवाज, पोरांची रडारड, जेवणावळीतली भांडणं. ढिल्या पट्ट्याच्या कॅसेट-प्लेअरने सूर उतरवले होते, तेही हिशेबात धरावे लागले. ज्वारीची वंशावळ काढणारी आमची प्रणाली मी गाण्याला जुंपली. प्रत्येक सुराची लांबी, प्रत्येक श्वास, प्रत्येक मुरकी हा एकेक गुण. पावसाळा सरता सरता झाड तयार झालं. मुळाशी कुठले गुण होते ते कळल्यावर कर्ण्यावरच्या कॅसेटींपैकी अस्सल कुठल्या आणि व्हर्जन कुठल्या तेही उलगडलं. अस्सलांमधले न झाकलेले तुकडे घेऊन मी एकापुढे एक जोडले. त्यात सुंदर काहीच केलं नाही, खरखरही तशीच ठेवली.

आणि मग मी ते ऐकलं.

वीस वर्षांची माझी आई गात होती. जरा घाबरलेली, जरा आगाऊ. ‘मागं राहिली माझी वाडी’च्या आधी ती थांबली, एवढुसाच थांबा, आणि ओळीच्या मध्येच कुठेतरी ‘टिण’ असा स्वच्छ आवाज आला. काचेवर काच, किंवा लोखंडावर काच. ज्या जागेला मांडवातल्या बायका बांगड्या वाजवतात, बरोबर त्या जागेला. मी प्रयोगशाळेत एकटीच टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आनंदाने.

ध्वनिहक्क लवादाने आमचं म्हणणं ऐकायची तयारी दाखवली. रेगेने एक अट घातली आणि ती रास्तच होती. निरनिराळ्या वीस बायका हे गाणं गातील, त्यांत माझी आई. कुणाचं नाव कुणाला कळणार नाही. कंपनीचाच तज्ज्ञ माझी प्रणाली चालवेल आणि प्रत्येकीचं गाणं झाडावर कुठे बसतं ते सगळ्यांसमोर दिसेल. नकला फांद्यांवर बसतील, कारण नक्कल करणाऱ्याने कुणाचं तरी ऐकलेलं असतं आणि ऐकलेल्यातल्या खोडी त्याच्यात उतरतात. जिने कुणाचंच ऐकलेलं नाही ती मुळाशी बसेल. वयाने आवाज बदलतो, पण गाणं धरायची सवय बदलत नाही. आणि एक : मी जोडलेलं गाणं त्याआधी आईच्या कानावर पडता कामा नये. तसं झालं तर पुराव्याला काही अर्थच उरणार नाही.

मी आनंदाने हो म्हटलं. मग खात्रीसाठी म्हणून घरी आईचं गाणं मुद्रित केलं आणि झाडावर टाकून पाहिलं.

आई मुळाशी बसली नाही. ती बसली पार शेंड्याला, ‘हुबेहूब’च्या त्या गुळगुळीत गाण्याला खेटून.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. प्रणाली चुकली नव्हती. गेलं वर्षभर आई जे शिकली होती तेच तिने दाखवलं होतं. थांबा गेला होता, थरथर गेली होती, मुरकी सपाट झाली होती. आईच आता स्वतःच्या नकलेची नक्कल झाली होती.

“तू त्या फोनकडून गाणं शिकलीस!” मी ओरडले. “सांगत होते ना मी!”

“मग कुनाकडनं शिकू?” आईही भडकली. “तुझ्याकडं हाय न्हवं माझं खरं गानं? ऐकव की. ऐकून म्हनते तसंच.”

“नाही ऐकवता येत.”

“का न्हाई?”

“ते ऐकून म्हटलंस तर तीही नक्कलच होईल, आई. आणि मी तसं करणार नाही. लवादात खोटं मी आणू शकत नाही.”

आईने पदर खोचला. “माझाच आवाज, माझ्याच लेकीच्या पेटीत, आन् मलाच ऐकायची बंदी! भली शाळा शिकवली गं तुला.”

ती आत गेली आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण अप्पांच्या मार्फत बोलायची. “तिला इचारा, आमटी पायजे का.” अप्पांना ऐकू येत नसल्याने आमटीचा निरोप घरभर व्हायचा. मला हसूही येत नव्हतं. एक बटण दाबलं असतं तर आईला तिचं गाणं परत मिळालं असतं आणि तिचं नाव कायमचं गेलं असतं. कितीदा तरी माझं बोट त्या बटणापर्यंत जाऊन आलं.

सुनावणीच्या आठवडाभर आधी दस्तगीर मास्तर घरी आले. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, “आक्का, एक मनात राहिलंय कवापास्नं. ‘मागं राहिली’च्या आधी आमी समदे थांबतो. अब्बा थांबायचे म्हनून मी थांबतो. पर थांबायचं कशापायी, ते काय कळंना.”

मी दचकले, पण त्यांना अडवण्यासारखं काही नव्हतं. बँड तिथे थांबतात हे रस्त्यावरच्या कुणालाही ठाऊक होतं, आणि झाड काही एका थांब्यावर ठरत नव्हतं, शेकडो गुणांवर ठरत होतं.

आईने कप खाली ठेवला. एकदम लाजली, वीस वर्षांच्या पोरीसारखी.

“रुमाल सुटाय लागला हुता,” ती म्हणाली.

“कसला रुमाल?” मी विचारलं. अबोला दोघीही विसरलो होतो.

“अगं, लगीन होऊन म्हैना झाला न्हवता. हातात हिरवा चुडा. त्यो रेकॉर्डिंगवाला म्हनला, बांगड्या काढा, आवाज येतोय. मी म्हनलं, मरंन पर काढायची न्हाई. मग ह्यांनी,” तिने अप्पांकडे मान वळवली, “आपला रुमाल काढला आन् समद्या बांगड्या मनगटाशी गच्च बांधल्या. गाता गाता बघते तर गाठ सुटाय लागलीया. म्हनून जरा थांबली. तरीबी एक बांगडी निसटली, आन् वाजली त्या माईकच्या दांडीवर. त्यो मानूस माझ्यावर आसा वरडला! म्हनला, टेप संपली, आता हेच ऱ्हानार, तुझ्यामुळं गानं नासलं.” तिने मनगटावरून पदर ओढून घेतला. “मग लग्नात बाया त्याच जागंला बांगड्या वाजवाय लागल्या. मला वाटायचं, माझी चूक मला दावत्यात. हात झाकून घ्यायची.”

मला टिण सापडला होता, थांबा सापडला होता. रुमाल कुठल्याच झाडावर नव्हता. अर्ध्या महाराष्ट्राच्या मांडवांत वाजणारी ती रीत म्हणजे माझ्या आईची निसटलेली एक बांगडी होती, आणि ती बिचारी पन्नास वर्षं त्याची लाज वाटून हात लपवत होती!

मास्तर उठून उभे राहिले. म्हणाले, “आक्का, त्या चुकीवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. तुमी लाजू नगासा.”

आईने फोन उचलला, ‘हुबेहूब’ काढून टाकलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, एकदा म्हणून बघतेस का? ती म्हणाली, “आता न्हाई. तितंच म्हनंन.” तेवढंच.

सुनावणीच्या दिवशी कोल्हापूरच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी दोन जिल्ह्यांतले बँडवाले जमवले होते, सगळे लाल डगल्यांत. परांजपेबाईही आल्या होत्या, त्यांनाही वीसजणींत गायचं होतं. प्रत्येकीला बंद खोलीत एकटीने गायचं होतं. आईची पाळी आली तेव्हा ती दाराशी थांबली आणि अप्पांपुढे उजवा हात धरला. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. नवीन भरलेल्या होत्या, मला पत्ता नव्हता. अप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि बांगड्यांवरून गुंडाळून गाठ मारली. आई म्हणाली, “गच्च बांधा हो ह्या खेपेला.” अप्पांना ऐकू आलं नाही, पण ते हसले.

दार बंद झालं. आत ती काय गायली, कसं गायली, मला काहीच कळलं नाही. एवढी वर्षं परीक्षा दिल्या, घेतल्या. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

दुपारी निकाल मोठ्या पडद्यावर आला. काळ्या पडद्यावर ते पांढरं झाड, खाली मूळ, वर हजारो बारीक फांद्या. कंपनीचा तज्ज्ञ एकेक क्रमांक टाकत गेला. पहिली, एका ऑर्केस्ट्राच्या फांदीवर. दुसरी, शेंड्याला. सहावी शेंड्याच्या अगदी टोकाला; त्या परांजपेबाई, हे मागाहून कळलं. सात, आठ, नऊ, सगळ्या फांद्यांवर. मी ओठ चावत बसले होते. मग तज्ज्ञाने अकरावा क्रमांक टाकला. एक हिरवा ठिपका उमटला, शेंड्याकडून निघाला आणि खाली यायला लागला. ही फांदी नव्हे, ती नव्हे. ऑर्केस्ट्रा मागे पडले, शाळा मागे पडल्या, व्हर्जन कॅसेटी मागे पडल्या, सगळ्यांत जुने बँडही मागे पडले, आणि ठिपका झाडाच्या मुळाशी येऊन स्थिर झाला.

तज्ज्ञाने तीनदा तपासलं. ठिपका हलला नाही.

“आता कंपनीचं मूळ ध्वनिमुद्रण टाका,” लवादाच्या अध्यक्षा म्हणाल्या. तज्ज्ञाने टाकलं. ते गेलं सगळ्यात वर, परांजपेबाईंच्याही पलीकडे. पन्नास वर्षांत या गाण्याच्या जेवढ्या नकला झाल्या, त्यांतली सगळ्यात नवी आणि मुळापासून सगळ्यात लांबची नक्कल होती ती.

“अकरा क्रमांक कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

आई उभी राहिली. “मालन विठोबा जगदाळे,” ती म्हणाली, “गानं माझं हाय.”

सभागृह नुसतं उसळलं. लाल डगलेवाले बाकांवर चढले. अध्यक्षांनी हातोडा आपटला, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. सगळ्यांना गप्प करून त्यांनी निर्णय वाचला : गायिकेचं नाव आजच्या आज परत येईल आणि ‘मूळ’ म्हणून हे जोडलेलं गाणंच दाखवलं जाईल. रेगेने उठून आईला वाकून नमस्कार केला. पोरगा मनाने चांगलाच. म्हणाला, “आजी, आता तरी ते गाणं ऐकवा आम्हाला.”

मी आईकडे बघितलं. आता बंदी नव्हती. मी बटण दाबलं.

खरखरीतून तो आवाज आला. आई मान कलती करून ऐकत होती. पहिल्या कडव्यानंतर माझ्या कानाशी लागून म्हणाली, “म्हायेरचा कानडी हेल किती गं माझ्या बोलन्यात! पर पोरगी म्हनतीया बरी.” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. थांबा आला. टिण वाजलं. परांजपेबाईंनी तोंडावर हात घेतला, मग आमच्याकडे येऊन आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “मालनताई, तो थांबा मला शिकवा.”

गाणं संपलं तसं मास्तरांनी क्लॅरनेट ओठांना लावलं. त्यांचा बँड सुरू झाला, मग दुसरा, मग सगळेच. सभागृहातली माणसं उभी राहून गायला लागली, प्रत्येकाचं थोडं वेगळं, ज्याने जसं ऐकलं होतं तसं. मधे आई, चुकत नव्हती, घाबरत नव्हती, आवाज जाड आणि मोकळा.

‘मागं राहिली’ जवळ यायला लागलं तसे बायकांचे हात वर गेले. सगळे बँड थांबले, एवढुसा थांबा. आईचा हात सवयीने पदराकडे वळलेला मी पाहिला. मग तिने दातांनी रुमालाची गाठ सोडली, रुमाल अप्पांच्या अंगावर टाकला, हात सगळ्यांच्या वर नेला आणि सगळ्यांच्या आधी बांगड्या वाजवल्या.